जुना चिपर फांदी ओढत नसेल तर आधी चुरा हातात घ्या

जुना चिपर, म्हणजे फांद्या बारीक करणारं मशीन, घेतलेला माणूस तक्रार सांगतो ती इंजिनाची. फांदी घातली की दम टाकतं, घों घों करतं आणि बंद पडतं. मग कार्ब्युरेटर खोलला जातो, प्लग नवा येतो, आणि तरी फरक पडला नाही की मिस्त्री हेड उघडायला बसतो. मागच्या दोन उन्हाळ्यांत पारोळा आणि अमळनेर तालुक्यांतली अशी सहा मशीनं मी बघितली. त्यातल्या चारांची इंजिनं ठणठणीत होती, बोथट होती ती पाती. मशीन लाकूड कापत नव्हतं, घासत होतं, आणि त्या घासण्यात इंजिनाचा जीव जात होता.

माझ्या मशीनचंही तेच झालं होतं. आमची बोराची बाग आहे. बोराची छाटणी एप्रिल-मेमध्ये होते आणि दरवर्षी काटेरी फांद्यांचे डोंगर उभे राहतात. पूर्वी बांधावर पेटवून द्यायचो. एका वर्षी त्या आगीत बांधावरचा जुना निंब होरपळला, तेव्हा ठरवलं की आता काडी लावायची नाही. नवं मशीन आवाक्यात नव्हतं, म्हणून धुळ्याच्या एका बागकाम ठेकेदाराकडून वापरलेलं घेतलं. १५ एचपीचं पेट्रोल इंजिन, चकतीवर दोन पाती, तोंडाशी एक दातेरी रोलर आणि तो फिरवायला हायड्रॉलिक मोटर. इंजिनात दम राहिला नाही म्हणून स्वस्तात देतो, असं त्याने विकतानाच सांगितलं होतं. मीही ते खरं धरून कार्ब्युरेटर दोनदा साफ केला.

तिसऱ्यांदा पाना उचलला तेव्हा आप्पा आठवले. माझे वडील एरंडोलला ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे आणि लहानपणी पेटीतून पाने काढून द्यायचं काम माझं होतं. बंद इंजिनासमोर ते आधी नुसते बसायचे. "पहिले देख, मंग हात लाव." मी पाना खाली ठेवला आणि मशीनमागे पडलेला चुरा ओंजळीत घेतला. निम्मं पीठ होतं, निम्मे सुतळीच्या टोकासारखे उसवलेले धागे. कापलेला असा एकही तुकडा त्यात नव्हता.

तेव्हापासून कोणीही मशीन दाखवलं की मी आधी चुरा बघते. तुम्हीही तिथूनच सुरू करा, फक्त परीक्षा ओल्या लाकडावर घ्या. मनगटाएवढी निंबाची ताजी फांदी उत्तम. वाळलेलं लाकूड धारदार पात्यावरही पीठ करतं, त्यावरून काही कळत नाही. तुकडे चपटे, एकसारखे आणि कडा स्वच्छ असतील तर पाती आणि खालची अडणी दोन्ही ठीक आहेत. (अडणी हा आमच्याकडचा शब्द. चकतीसमोर जे स्थिर पातं असतं, ज्यावर टेकून लाकूड कापलं जातं, ते.) पीठ आणि धागे पडत असतील तर धार गेली आहे. तुकडे बरे, पण त्यांना लांब शेपट्या राहत असतील तर पात्यात आणि अडणीत अंतर जास्त झालंय, नाहीतर अडणीची कड गोल झाली आहे. एक तुकडा मोठा, एक बारीक असं होत असेल तर दोन पाती एका पातळीत नाहीत. आणि चुरा चांगला असूनही धुराड्यातून (चुरा बाहेर फेकणाऱ्या नळीतून) लांब न जाता पायाशीच पडत असेल तर चकतीचे फेरे कमी पडतायत.

यानंतर कानाचं काम. इंजिन पूर्ण थ्रॉटलवर घ्या, फांदी घाला आणि दोन आवाज वेगळे ऐका, एक इंजिनाचा आणि एक चकतीचा. दोन्ही मिळून खाली आले तर एकतर पातं बोथट आहे नाहीतर खरंच इंजिन कमी पडतंय. इंजिनाचा आवाज तसाच राहिला आणि चकती मात्र मंदावली, वर जळक्या रबराचा वास आला, तर बेल्ट घसरतोय. दोन्ही आवाज तसेच आणि फांदी मात्र जागची हलत नाही, तर दोष ओढण्यात आहे. पाच मिनिटांचं काम आहे, आणि यात चूक झाली तर पुढचे दोन दिवस भलताच नट खोलण्यात जातात.

आता उघडण्याआधीचं. इंजिन बंद करणं पुरेसं नाही. माझ्या मशीनची चकती इंजिन बंद झाल्यावरही दीड-दोन मिनिटं फिरत राहते आणि तेवढ्या वेळात बोटं जाऊ शकतात. चकती पूर्ण थांबू द्या, प्लगची टोपी काढून बाजूला बांधा, मगच झाकण उघडा. चकती हाताने फिरवली तरी पातं हात कापतं, म्हणून आत लाकडी पाचर घालून ती अडकवा. मशीन चालू असताना तोंडात हात किंवा पाय घालून फांदी रेटायची नाही, त्यासाठी लांब काठी ठेवा. गळ्यात रुमाल, गमछा नको. बायांना मी कळकळीने सांगते, साडीवर या मशीनजवळ जाऊ नका. मी स्वतः पंजाबी ड्रेस घालते आणि ओढणी घरी ठेवते. फांदीची काटेरी वेलांटी कापडात अडकली की रोलर फांदीबरोबर माणसालाही ओढतो. उभं राहायचं ते तोंडाच्या बाजूला, समोर नाही. डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर आवाज अडवणारी टोपणं हवीतच.

धार गेली की नाही हे कळायला बोट फिरवू नका. पातं उन्हात धरून धारेकडे बघा. धारदार कड दिसतच नाही, तिच्यावर उजेड थांबत नाही. बोथट कडेवर पांढरी रेघ चमकते. माझ्या पात्यांवर ती रेघ ज्वारीच्या दाण्याएवढी जाड होती.

या पात्याला एकाच बाजूने उतार असतो. धार फक्त त्या उताराला लावायची, सपाट बाजूला नाही, आणि कोन कंपनीने दिलाय तोच ठेवायचा. जास्त तीक्ष्ण केलं तर बाभळीच्या गाठीवर कड तुटते. जास्त बोथड कोन ठेवला तर पातं लाकडात शिरत नाही, फांदी उसळून मागे येते. हातग्राइंडरने घाईत धार लावणारे खूप आहेत, पण कड निळी पडली की त्या जागचं पोलादाचं पाणी उतरलं, मग ती धार तासभरही टिकत नाही. मी पाती जळगावला एमआयडीसीत सरफेस ग्राइंडरवर पाण्याच्या धारेखाली करून आणते. दोन्ही पाती एकाच वेळी द्या आणि दोन्हींतून सारखंच काढायला सांगा. परत आल्यावर तराजूवर दोन्हींचं वजन जुळतंय का बघा. एक पातं हलकं असेल तर चकती थरथरते, आणि ती थरथर थेट बेअरिंग खाते.

बसवताना आधी खोबण खरवडून साफ करा. सालीचा एक पापुद्रा जरी खाली राहिला तरी पातं तिरकं बसतं. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा असतो. जुन्यावर जो आहे तोच नवीनवर हवा. दुकानातला आकडा नसलेला मऊ बोल्ट इथे चालणार नाही, तो तुटला तर पातं गोळीसारखं सुटेल. मग टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) मशीनच्या पुस्तकातल्या मापाने आवळा आणि अर्धा तास चालवून पुन्हा तपासा.

शेवटी अंतर. पाचर काढा, चकती हाताने हळू फिरवून पातं अडणीसमोर आणा आणि मध्ये फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घाला. माझ्या मशीनला १.५ मिमी लागतं, तुमच्या पुस्तकात जे असेल ते घ्या. दोन्ही पात्यांना, दोन्ही टोकांना माप घ्यायचं, एकाच जागी घेऊन भागत नाही. अडणीची एक कड गोल झाली असेल तर ती फेकण्याआधी उलटून बघा. पुष्कळ मशीनांत तिच्या चारही कडा वापरता येतात. माझ्या ठेकेदाराने पाच वर्षांत ती एकदाही उलटली नव्हती. मी उलटली, पाती करून आणली आणि त्याच "दम नसलेल्या" इंजिनाने संध्याकाळपर्यंत बोराच्या दोन ओळींच्या फांद्या खाल्ल्या.

धार इतक्या लवकर का जाते, हेही सांगते. खान्देशात चिपर लोक घेतात ते जास्त करून पऱ्हाटीसाठी, म्हणजे कापूस वेचून उरलेल्या झाडांसाठी. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीवरच्या कवड्या (नीट न उमललेल्या) बोंडांत दबा धरते, म्हणून ती उन्हाळाभर बांधावर रचून ठेवू नका, असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो, आणि बारीक करून टाकणं हा चांगला उपाय आहेच. पण आपण पऱ्हाटी चिमट्याने मुळासकट उपटतो. त्या मुळाला काळ्या मातीचं ढेकूळ आणि त्यात बारीक खडे असतात. अशी पऱ्हाटी तशीच घातली तर सकाळी लावलेली धार दुपारी उरत नाही. मुळं कोयत्याने तोडून वेगळी टाका, ते जमत नसेल तर निदान दोन दिवस वाळवून जमिनीवर आपटून माती झाडा. कुंपणाच्या फांद्यांत तार आणि खिळे असतात, तेही बघून घ्या. आणि केळीचा खांब या मशीनमध्ये घालू नका. रावेर-यावलकडच्या एका नातेवाइकांनी घातला होता. त्यात पाणी आणि दोरासारखा धागा, तो चकतीमागच्या शाफ्टला असा गुंडाळला की सुरीने दोन तास कापत बसावं लागलं. केळीसाठी वेगळं कुट्टी यंत्र असतं.

आता रोलर. पात्याला धार आहे, तरी फांदी जात नसेल तर रोलरकडे बघा. तो लाकडावर नुसता घसरतोय की लाकूड लागताच थांबतोय, या दोन गोष्टी पूर्ण वेगळ्या आहेत.

घसरत असेल तर बहुतेक वेळा दातांमध्ये साल आणि चीक भरून रोलर गुळगुळीत झालेला असतो. इंजिन बंद करून खरवडा. मग वरचा रोलर हाताने उचलून सोडा. तो खाली धप्पकन यायला हवा. आमचा हळूहळू, अडखळत यायचा, कारण ज्या खाचेत तो वरखाली सरकतो तिथे चुरा ठासून भरला होता, आणि एका बाजूची स्प्रिंग तुटून आतच पडली होती. बाहेरून दिसत नव्हती, कारण दोन्ही तुकडे एकमेकांवर उभे होते. स्प्रिंगा जोडीने बदला. दात झिजून गोल झाले असतील तर वेल्डरकडून कड भरून घेता येते.

लाकूड लागताच रोलर थांबत असेल तर हायड्रॉलिकमध्ये जोर नाही. आधी टाकीतली पातळी बघा. तेल दुधासारखं दिसत असेल तर पाणी शिरलंय, फेस येत असेल तर पंपाकडे जाणाऱ्या ओढनळीतून हवा घुसतेय. नळीची क्लिप आवळली की बहुतेकदा फेस जातो. मग पंपाचा बेल्ट बघा, कारण तोच घसरत असेल तर बाकी सगळं ठीक असूनही रोलर मरगळतो. फिल्टर किती वर्षं बदलला नाही, हे जुन्या मालकाला विचारा. सकाळी चांगला चालतो आणि दुपारी मे महिन्याच्या उन्हात मंदावतो, असं असेल तर तापून पातळ झालेलं तेल झिजलेल्या पंपातून आतल्या आत परत वाहतंय. पाटीवर लिहिलेल्या नंबरचंच तेल भरा आणि पंप दाखवा. रिलीफ व्हॉल्व्हचा (तेलाचा दाब मर्यादेत ठेवणारा व्हॉल्व्ह) स्क्रू दाबाचा गेज लावल्याशिवाय फिरवायचा नाही. आणि नळीला गळती आहे का, हे हात फिरवून कधीही बघू नका. दाबाखालची तेलाची बारीक धार कातडीतून आत जाते आणि मग शस्त्रक्रिया करावी लागते. पुठ्ठा धरा, त्यावर डाग पडेल.

काही मशीनांत फेरे कमी झाले की रोलर आपोआप थांबतो आणि फेरे भरले की पुन्हा चालू होतो. त्याला बिघाड समजून लोक वायर काढून टाकतात. तसं करू नका, ती इंजिनाला श्वास घ्यायला दिलेली सोय आहे. दर दोन सेकंदांनी थांबत असेल तर धार, बेल्ट आणि सेन्सरवर बसलेली धूळ, या क्रमाने बघा. रोलरचा वेग कमी-जास्त करायची मूठ असेल तर बोर-बाभळीला सावकाश ठेवा. पातं जेवढं कापू शकतं तेवढंच रोलरने द्यायचं.

बोराची फांदी वाकडी असते, तिला दोन-दोन फाटे असतात, ते तोंडाच्या कडेला अडतात आणि आपल्याला वाटतं रोलर कमजोर आहे. फाट्याची एक बाजू कोयत्याने आधीच अर्धी तोडा आणि बुंध्याचं टोक आधी घाला. आमचे सालदार हे करायला आधी कंटाळायचे. दोनशे फांद्यांमागे एक तास वाचतो हे पाहिल्यावर आता तेच मला आठवण करून देतात.

बेल्टबद्दल थोडक्यात. मधोमध अंगठ्याने दाबला तर साधारण अर्धा इंच दबावा. कडा आरशासारख्या चकचकीत झाल्या असतील तर तो संपला. व्ही बेल्ट पुलीच्या दोन भिंतींना धरतो, तळाला नाही. तो खाचेच्या तळाशी टेकलेला दिसला तर कितीही ताणा, घसरणारच. दोन बेल्ट असतील तर दोन्ही एकदम नवे घाला.

इतकं सगळं ठीक असेल आणि तरी इंजिन खाली बसत असेल, तर आता इंजिन. आधी एअर फिल्टर, कारण तापीकाठच्या काळ्या मातीची धूळ आणि चिपरचा भुसा मिळून तो एका दिवसात भरतो. बाहेरचा स्पंज साबणाच्या पाण्यात धुवा, पूर्ण वाळवा, थोडं इंजिन ऑइल लावून पिळा. आतला कागदी फिल्टर धुवायचा नाही, हलका आपटायचा, फार काळा असेल तर बदलायचा. काळा धूर येत असेल तर नव्वद टक्के कारण इथेच, नाहीतर चोक अर्धवट ओढलेला राहिलाय.

रिकामं चालताना आवाज हेलकावे खात असेल, वर जातो, खाली येतो, तर कार्ब्युरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोल येण्याचं बारीक भोक, अर्धा तुंबलाय. खात्री करायची तर चोक थोडा ओढून बघा. आवाज स्थिर झाला तर पेट्रोल कमी येतंय हे नक्की. जेट साफ करायला वायरमधली तांब्याची एक तार घ्या. पोलादी तारेने भोक मोठं होतं आणि मग ते कधीच जुळत नाही. मागच्या हंगामातलं पेट्रोल टाकीत असेल तर ते काढूनच टाका. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं, ते हवेतली ओल धरतं आणि कार्ब्युरेटरच्या वाटीच्या तळाशी पाणी साचतं.

मागच्या मे महिन्यात माझं इंजिन बरोबर पंचवीस मिनिटं चालून बंद पडायला लागलं. दहा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. पारा ४४ वर होता, मी उन्हाला दोष दिला. इंजिन गार ठेवणाऱ्या फिनांमधला भुसा काढला, पंख्याची जाळी साफ केली, ते करायलाच हवं होतं, पण बंद पडणं थांबलं नाही. पुतण्या पेट्रोल घालायला गेला आणि म्हणाला, "काकू, झाकण उघडलं की आत हवा ओढली जाते." झाकणाला हवेसाठी सुईच्या टोकाएवढं भोक असतं. ते चिकट भुशाने बुजलं होतं, टाकीत हवा जात नव्हती म्हणून पेट्रोल उतरत नव्हतं. सुईने मोकळं केलं आणि त्या दिवशी इंजिन अंधार पडेपर्यंत थांबलं नाही. तुमचं इंजिन ठरावीक वेळाने बंद पडत असेल तर झाकण सैल करून बघा. दुसरं कारण ऑइलचं. पातळी कमी झाली की सेन्सर ठिणगी तोडतो, आणि मशीन बांधाच्या उतारावर तिरकं उभं असेल तर ऑइल पुरेसं असूनही तोडतो.

प्लगची फट ०.७ ते ०.८ मिमी. व्हॉल्व्हचं अंतर माझ्या इंजिनाला थंड असताना आत घेणाऱ्याला ०.१५ आणि बाहेर सोडणाऱ्याला ०.२० मिमी आहे. गरम झाल्यावर दोरी ओढून चालू होत नसेल तर हे तपासा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय, रिंगा नाहीतर व्हॉल्व्ह गाइड. ते मात्र मिस्त्रीकडेच द्या. मिनिटाला ३६०० फेऱ्यांवर बांधलेल्या गव्हर्नरची (इंजिनाचा वेग आवरणारा भाग) स्प्रिंग ताणून ताकद वाढवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. चकती त्यापेक्षा जोरात फिरवण्यासाठी बनलेली नसते.

पहिला पाऊस पडायच्या आत मी मशीन बंद करते. टाकी आणि वाटी रिकामी, बेल्ट सैल, बेअरिंगला नवं ग्रीस. पाती काढून ग्रीस लावून कापडात गुंडाळते, आणि कोणतं पातं कोणत्या खोबणीतलं हे विसरू नये म्हणून एकावर पंचने एक ठिपका, दुसऱ्यावर दोन. चकतीवरही त्याच जागी तेच ठिपके.